ग्राहक क्रमांक १०१ चा ४३८०८६६६४२९३ कसा झाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. थकबाकी वसुलीचा सी++ मधला जुना प्रोग्रॅम, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओने बांधलेला, ओडीबीसी या जोडणी-पद्धतीमार्फत डेटाबेसशी बोलतो आणि कित्येक वर्षं बिनबोभाट चाललाय. तोच सोर्स आता ६४-बिट लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने बांधला, एकही एरर आली नाही. पण ग्राहकांची यादी मागवली की पहिल्या ओळीत १०१ ऐवजी ४३८०८६६६४२९३ दिसतो आणि यादीचा खालचा अर्धा भाग नुसता शून्यांनी भरलेला. टेबलातला कॉलम इंटीजर (पूर्णांक), प्रोग्रॅममधला ॲरे, म्हणजे ओळीने मांडलेल्या खोल्या, लाँगचा; लाँग हाही पूर्णांकाचाच प्रकार. आणि शेवटी विचारलंय, "सगळीकडे लाँग लाँग करून टाकू का?"

नका करू. आधी तो विचित्र आकडा नीट बघू, कारण उत्तर त्यातच लिहिलेलं आहे.

४३८०८६६६४२९३ ला ४२९४९६७२९६ ने भागा, म्हणजे दोनाच्या बत्तिसाव्या घाताने. भागाकार येतो १०२, बाकी उरते १०१. तुमच्या पहिल्या ओळीचा ग्राहक क्रमांक १०१ आणि दुसऱ्या ओळीचा १०२ असणार. दोन ओळींचे आकडे एकाच खोलीत कोंबले गेलेत. तिसरी आणि चौथी ओळ पुढच्या खोलीत, पाचवी आणि सहावी त्याच्या पुढच्या. म्हणून निम्मा ॲरे भरला आणि निम्मा कोरा राहिला. डेटा कुठेही बिघडलेला नाही. ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेस आणि प्रोग्रॅममधला दुवा, चार-चार बाइटांवर लिहीत गेला आणि तुम्ही आठ-आठ बाइटांनी वाचलंत.

आता हे कोणामुळे झालं? ड्रायव्हर बरोबर आहे, जीसीसीही बरोबर आहे. सी भाषेच्या प्रमाणकात लाँग किती मोठा हे ठरवलेलंच नाही, फक्त किमान ३२ बिट एवढी अट आहे. इंटसाठी तर किमान १६. ज्या पिढीने कॉलेजात डॉसवरच्या टर्बो सीमध्ये हात बसवला, त्यांना ३२७६७ हा आकडा झोपेतही आठवतो, कारण तिथे इंट खरंच १६ बिटांचा होता. पुढे ६४-बिट मशिन्स आली तेव्हा दोन वाटा फुटल्या. युनिक्सवाल्यांनी लाँग आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) दोन्ही ६४ बिटांचे केले. मायक्रोसॉफ्टने जुना कोड मोडू नये म्हणून लाँग ३२ बिटांचाच ठेवला, फक्त पॉइंटर वाढवला आणि मोठ्या आकड्यांसाठी लाँग लाँग वापरायला सांगितलं. त्यामुळे एकाच प्रोसेसरवर, एकाच सोर्समधला 'लाँग' विंडोजवर चार बाइटांचा आणि लिनक्सवर आठ बाइटांचा.

हा फरक ऑपरेटिंग सिस्टिमचा वाटतो, पण खरं तर तो कंपायलर कुठला करार पाळतो याचा आहे. एकाच विंडोज मशिनवर ६४-बिट सिगविनचा जीसीसी लाँगला आठ बाइट देतो आणि मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ चा जीसीसी चार. दोघंही जीसीसीच. "आमच्याकडे विंडोजच आहे, आम्हाला काय फरक पडतो" म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

ओडीबीसीचा जन्म १९९२ चा. तेव्हाच्या विंडोजवर लाँग म्हणजे ३२ बिट यात कोणाला शंका नव्हती. म्हणून ३२-बिट पूर्णांकाच्या टाइप-कोडला, म्हणजे ड्रायव्हरला प्रकार सांगणाऱ्या खुणेला, नाव पडलं एसक्यूएल_सी_लाँग. नाव तेच राहिलं, अर्थही तोच राहिला: चार बाइट. तुमच्या कंपायलरचा लाँग किती मोठा याच्याशी त्या नावाचा काडीचाही संबंध नाही. ६४ बिटांसाठी वेगळा कोड आहे, एसक्यूएल_सी_एसबिगइंट. आणि ॲरे बाइंड करताना, म्हणजे डेटा कुठे लिहायचा ती जागा ड्रायव्हरला देताना, आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ठरावीक लांबीच्या टाइपसाठी ड्रायव्हर तुम्ही दिलेली बफरची (त्या जागेची) लांबी बघतच नाही. तुम्ही तिथे साइझऑफ लाँग म्हणजे ८ लिहिलं असलं तरी तो कोडवरून ४ समजतो आणि चार-चार बाइट पुढे सरकत जातो. तुमच्या यादीची गंमत तिथेच झाली.

खरं सांगायचं तर तुम्ही नशीबवान आहात. ॲरे वापरला म्हणून चूक लगेच डोळ्यांत भरली. एकेक ओळ आणून एकाच लाँग व्हेरिएबलमध्ये घेतली असती, तर इंटेल-एएमडीच्या मशिनवर खालचे चार बाइट भरले गेले असते आणि वरच्या चारांत आधीचं जे काही असेल ते राहिलं असतं. व्हेरिएबल शून्याने सुरू केलेलं असेल तर सगळे धन आकडे अचूक दिसतात, चाचणी पास होते, प्रोग्रॅम ग्राहकाकडे जातो. मग एखाद्या दिवशी −१ येतो आणि स्क्रीनवर ४२९४९६७२९५ उमटतो. पॉवर प्रोसेसरवरच्या एआयएक्समध्ये किंवा स्पार्कवरच्या सोलारिसमध्ये बाइटांचा क्रम उलटा असल्याने तेच चार बाइट वरच्या बाजूला पडतात, आणि आकडा एकदम चार अब्ज पटींनी फुगतो. तिथे निदान लपून तरी राहत नाही.

तुमच्या कोडमध्ये याच जातीची दुसरी चूक दडलेली असण्याची मला दाट शंका आहे. कॉलम बाइंड करताना शेवटचा पॅरामीटर असतो, ज्यात ड्रायव्हर आलेल्या डेटाची लांबी लिहितो, किंवा नल (रिकामी किंमत) असेल तर −१ लिहितो. जुन्या काळात लोक तिथे चार बाइटांचा एसक्यूएलइंटीजर द्यायचे आणि ३२-बिटमध्ये चालूनही जायचं. आता तिथे एसक्यूएललेन लागतो, आणि ६४-बिट बांधणीत तो आठ बाइटांचा आहे, विंडोजवरसुद्धा. कंपायलर तक्रार करतो तेव्हा कोणीतरी कास्ट (जबरदस्तीचं टाइप-रूपांतर) टाकून त्याचं तोंड बंद करतं. मग ड्रायव्हर चार बाइटांच्या जागेत आठ बाइट लिहितो. डेटा असेल तेव्हा शेजारच्या व्हेरिएबलचं शून्य होतं, नल असेल तेव्हा −१ होतं. शेजारी काय आहे हे कंपायलर ठरवतो, ऑप्टिमायझेशन बदललं की शेजारी बदलतो. "डीबग बिल्डमध्ये चालतं, रिलीजमध्ये नाही" या वाक्यामागे मी हे कारण इतक्या वेळा पाहिलंय की आता ते वाक्य ऐकलं की आधी कास्टच शोधतो.

लिनक्सवर ओडीबीसीइन्स्ट ही आज्ञा -जे लावून चालवा. युनिक्सओडीबीसी हा लिनक्सवरचा ओडीबीसी मॅनेजर आपला एसक्यूएललेन किती बाइटांचा समजतो ते त्यात छापून येतं. ८ यायला हवं. ६४-बिट मशिनवर ४ आलं तर फार जुनी किंवा मुद्दाम तशी बांधलेली आवृत्ती आहे. मग ड्रायव्हर, मॅनेजर आणि तुमचा प्रोग्रॅम एकाच मापाने बांधले गेलेत का हे आधी बघा, बाकी सगळं नंतर.

आता दुरुस्ती. डेटाबेसला हात लावणाऱ्या कोडमध्ये लाँग हा शब्द वापरणं मी कधीच सोडून दिलं. सी९९ पासून एसटीडीइंट डॉट एच मध्ये इंट१६_टी, इंट३२_टी, इंट६४_टी आहेत, व्हिज्युअल स्टुडिओतही ती फाइल २०१० पासून मिळते. नावातच माप असल्याने भांडणाला जागा उरत नाही. किंवा ओडीबीसीचेच एसक्यूएलइंटीजर आणि एसक्यूएलबिगइंट वापरा, तेही चालतील. बाकीच्या प्रोग्रॅममध्ये लाँग असेल तर असू दे, सीमेवर रूपांतर करा.

पण टाइप बदलून अर्धंच काम होतं. खरा धोका असा की व्हेरिएबलचं माप एका जागी ठरतं आणि ड्रायव्हरला द्यायचा कोड दुसऱ्या जागी, हाताने लिहिला जातो. उद्या कोणीतरी व्हेरिएबल ६४ बिटांचा करतो आणि कोड तसाच राहतो. म्हणून बाइंड करणारं एकच टेम्प्लेट (कुठल्याही टाइपला चालणारं) फंक्शन लिहा, जे व्हेरिएबलचा साइझऑफ बघून कोड स्वतः निवडेल: ४ असेल तर हा, ८ असेल तर तो, दुसरं काही असेल तर कंपाइलच होणार नाही. यासाठी ओव्हरलोड (एकाच नावाची, वेगवेगळ्या टाइपांची फंक्शनं) लिहायला जाल तर एक ठेच लागेल. इंट६४_टी हा स्वतंत्र टाइप नाही, टोपणनाव आहे. ६४-बिट लिनक्सवर ते लाँगचं टोपणनाव, विंडोजवर आणि मॅकवर लाँग लाँगचं. त्यामुळे लाँगचा एक आणि इंट६४_टी चा एक असे दोन ओव्हरलोड विंडोजवर सुखाने नांदतात आणि लिनक्सवर एकाच फंक्शनची दोन शरीरं म्हणून कंपायलर हाकलून देतो. मापावरून निवडणाऱ्या टेम्प्लेटला हा त्रास नाही.

छापतानाही सांभाळा. %एलडी ही लाँग छापायची खूण; ती वापरली तर प्रोग्रॅम विंडोजवर ३२ बिटच छापतो. आयएनटीटाइप्स डॉट एच मधले मॅक्रो वापरा किंवा सी++ चे स्ट्रीम. मी एकदा अख्खी दुपार डेटाबेस चुकतोय असं समजून घालवली होती. आकडा व्हेरिएबलमध्ये बरोबर होता, चुकत होती लॉग फाइल.

ओडीबीसी सोडलं तरी हा फसवा 'लाँग' पिच्छा सोडत नाही. मायएसक्यूएलच्या सी लायब्ररीत मायएसक्यूएल_टाइप_लाँग म्हणजे चार बाइट, आठसाठी लाँगलाँग, आणि वर चिन्ह आहे की नाही हे सांगणारा वेगळा झेंडा. तो लावायला विसरलात तर अनसाइन्ड (उणे आकडे न घेणाऱ्या) कॉलममधले मोठे आकडे उणे दिसतात. एसक्यूलाइटमध्ये कॉलम_इंट हे फंक्शन मोठा आकडा आला तर वरचे बिट गुपचूप कापतं, कसलीही एरर देत नाही. तिथे मी डोळे मिटून कॉलम_इंट६४ च वापरतो. त्या मानाने ओडीबीसी सभ्य आहे: बिगइंट (आठ बाइटांच्या) कॉलममधला न मावणारा आकडा ३२-बिट जागेत मागितला तर २२००३ ही एरर देतो. अर्थात तुम्ही फंक्शनचं उत्तर तपासत असाल तरच. पोस्टग्रेसच्या एम्बेडेड एसक्यूएलमध्ये बिगइंटची जोडी लाँग लाँगशी लावा. आणि व्हिज्युअल बेसिक ६ मधून डॉट नेटवर आणलेलं काही असेल तर जुना इंटीजर १६ बिटांचा होता, नवा ३२ चा आहे, हे ध्यानात असू द्या.

आता डेटाबेसच्या बाजूने. टेबल बघून "इंटीजर आहे" एवढं म्हणून भागत नाही, कुठल्या डेटाबेसचा ते बघायला हवं. टायनीइंट एसक्यूएल सर्व्हरमध्ये ० ते २५५, मायएसक्यूएलमध्ये −१२८ ते १२७. मायएसक्यूएलमध्ये तीन बाइटांचा मीडियमइंटही आहे, जो सीमध्ये कशातच नेमका बसत नाही. पोस्टग्रेसमध्ये अनसाइन्ड पूर्णांक मुळी नाहीतच. आणि इंट(११) मधले ११ म्हणजे माप नव्हे, ती फक्त दाखवण्याची रुंदी. मायएसक्यूएल ८.०.१७ पासून ती पद्धतही कालबाह्य ठरवली आहे, तरी "इंट(११) मध्ये अकरा अंक मावतात" असं सांगणारे अजून भेटतात. माझं मत विचाराल तर अनसाइन्डच्या वाटेला जाऊ नका. वरची मर्यादा दुप्पट मिळते खरी, पण दुसऱ्या डेटाबेसवर जाताना, जावातून वाचताना, दोन आकड्यांची वजाबाकी करताना ती दुप्पट वसूल होते. ३२ बिट कमी पडत असतील तर सरळ ६४ घ्या.

प्राथमिक किल्लीसाठी (ओळ ओळखायच्या क्रमांकासाठी) मी आता विचार न करता बिगइंट घेतो. दहा कोटी ओळींना चार बाइट जास्त म्हणजे चाळीस कोटी बाइट, साधारण ४०० एमबी, आणि इंडेक्सचे वेगळे. एवढी जागा आज कोणी मोजत नाही. उलट भरलेल्या टेबलाचा कॉलम मागाहून मोठा करायचा तर पोस्टग्रेससारखा डेटाबेस अख्खं टेबल पुन्हा लिहितो आणि तोवर कुलूप लावून बसतो. "आमच्याकडे दोनशे कोटी ओळी कधी होणार?" असं विचारलं जातं. पण संपतात त्या ओळी नव्हे, संपतात क्रमांक. रोलबॅक झालेल्या, म्हणजे मागे घेतलेल्या, व्यवहाराचा क्रमांक परत मिळत नाही, पुसलेल्या ओळीचाही नाही. बेसकॅम्प या ऑनलाइन सेवेचं ८ नोव्हेंबर २०१८ ला हेच झालं. एका टेबलाचा क्रमांक २१४७४८३६४७ ला, म्हणजे ३२ बिटांच्या कमाल मर्यादेला, टेकला आणि सेवा कित्येक तास फक्त वाचण्यापुरती उरली. त्याआधी २००६ मध्ये स्लॅशडॉट या तंत्रज्ञान-बातम्यांच्या साइटवरच्या प्रतिक्रियांचा क्रमांक १६७७७२१५ वर अडला होता, तो तीन बाइटांच्या मीडियमइंटमुळे. किल्ली मोठी करताना तिच्याकडे बोट दाखवणारे बाकीच्या टेबलांतले कॉलमही मोठे करा. ते विसरतातच.

तुम्ही थकबाकी पैशांत साठवता असं लिहिलंय. पद्धत चांगली आहे, अपूर्णांकाची कटकट नाही. पण २१४७४८३६४७ पैसे म्हणजे किती? २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. आपल्याकडच्या हिशेबात ही रक्कम मुळीच मोठी नाही. कितीतरी वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या ऊसबिलांचा प्रोग्रॅम आम्ही लिहिला होता. प्रत्येक शेतकऱ्याची रक्कम पैशांत, लाँगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या कंपायलरवर ३२ बिट. चाचणीला एकाच गटातले शेतकरी घेतले होते, सगळं छान जुळलं. हंगाम भरात आला आणि एका पंधरवड्याचं एकूण देणं दोन कोटी वीस लाखांच्या घरात गेलं. छापील पत्रकावर आलं उणे दोन कोटी नऊ लाख. एकेक शेतकऱ्याचं बिल बिनचूक, बेरीजच तेवढी उलटी. हिशेबनीस माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, म्हणजे आता शेतकऱ्यांनी कारखान्याला पैसे द्यायचे का?"

तेव्हापासून मी एका ओळीचं माप आणि बेरजेचं माप वेगळं धरतो. डेटाबेसही धरतात, पण प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने. पोस्टग्रेसमध्ये इंटीजर कॉलमची सम (बेरीज) बिगइंट येते, आणि बिगइंटची सम न्यूमेरिक. मायएसक्यूएलमध्ये डेसिमल. एसक्यूएल सर्व्हरमध्ये इंटची सम इंटच राहते, आणि मावली नाही तर क्वेरी एरर देऊन थांबते, म्हणून तिथे आधी बिगइंटमध्ये कास्ट करावं लागतं. मोजणीसाठी काउंट इंट देतो, मोठ्या टेबलाला काउंट_बिग वापरा. थोडक्यात, क्वेरीत नुसता कॉलम असेल तर टेबल बघून व्हेरिएबल ठरवा, सम किंवा काउंट असेल तर त्या डेटाबेसचं पान उघडून बघा.

तुमच्या टेबलात मोबाइल क्रमांकही आहे. आपले मोबाइल क्रमांक दहा अंकी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे सगळ्यांत लहानसुद्धा सहा अब्जाच्या वर. अनसाइन्ड ३२ बिटांची मर्यादाच ४२९४९६७२९५ आहे, म्हणजे एकही भारतीय मोबाइल क्रमांक त्यात मावत नाही. बिगइंटमध्ये मावेल, पण ठेवू नका. ज्याची बेरीज-वजाबाकी कधीच करणार नाही तो आकडा नसून नाव आहे. मोबाइल, आधार, बँक खातं, पिनकोड हे सगळे मजकुराच्या कॉलममध्ये ठेवा. खाते क्रमांकाची सुरुवातीची शून्यं पूर्णांकात उडतात. सोळा-अठरा अंकी खातं एक्सेलमध्ये आकडा म्हणून उघडलं तर पंधराव्यापुढचे अंक शून्य होतात, आणि वसुलीच्या याद्या शेवटी एक्सेलमध्येच जातात हे तुम्हालाही माहीत आहे. पुढे वेब स्क्रीन करणार असाल तर जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे अचूक राहत नाही. बिगइंट किल्ल्या तिकडे पाठवताना मजकूर म्हणून पाठवा. ट्विटरलाही २०१० मध्ये क्रमांकाची मजकुरातली जोडप्रत याच कारणाने द्यावी लागली.

तर सगळीकडे लाँग लाँग का नको? कारण टाइप-कोड एसक्यूएल_सी_लाँगच ठेवून व्हेरिएबल आठ बाइटांचे केलेत, तर आज फक्त लिनक्सवर होणारी चूक उद्या विंडोजवरही होईल. एवढंच घडेल. कॉलम इंटीजर असेल तर इंट३२_टी आणि चार बाइटांचा कोड, बिगइंट असेल तर इंट६४_टी आणि आठ बाइटांचा. तिन्ही गोष्टी एका रांगेत हव्यात: कॉलम, कोड, व्हेरिएबल.

काम या क्रमाने करा. सोर्समध्ये एसक्यूएल_सी_लाँग आणि एसक्यूएल_सी_एसलाँग शोधा, प्रत्येकासमोरचा व्हेरिएबल तपासा. मग बाइंडच्या ओळींवरचे कास्ट काढा आणि कंपायलर काय ओरडतो ते ऐका. जीसीसीला -डब्ल्यूकन्व्हर्जन लावा. पहिल्या दिवशी शेकडो इशारे येतील, डेटाबेसच्या फाइलींपुरतेच वाचा. शेवटी एक चाचणी टेबल करून त्यात पाच ओळी घाला: १, −१, नल, २१४७४८३६४७, आणि बिगइंट कॉलममध्ये २१४७४८३६४८. ॲरेने वाचा, एकेक करूनही वाचा, दोन्ही कंपायलरवर. −१ च्या जागी चार अब्जाचा आकडा दिसला तर व्हेरिएबल कोडपेक्षा मोठा आहे. शेवटची ओळ उणे आली तर कुठेतरी ३२ बिटांत कापली जातेय. आणि नलची ओळ वाचल्यावर भलत्याच व्हेरिएबलची किंमत बदलली, तर तो एसक्यूएललेनवाला कास्ट अजून कुठेतरी शिल्लक आहे.